झाडाखाली थांबलेली बाई

हिवाळ्याच्या सुट्टीत मायदेशी यायचे ठरले, की परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या आणि त्यांची वाट पाहणाऱ्या नातलगांच्या बोलण्यात एक वाद हमखास निघतो. तान्हे बाळ बरोबर असताना लेणी, किल्ले, राजवाडे, संग्रहालये पाहायला जावे की नाही, हा तो वाद. एका बाजूचे म्हणणे असे, की एवढ्याशा जिवाला त्यातले काही कळत नाही, मोठेपणी काही आठवणार नाही, उलट ऊन, गर्दी आणि धूळ यांत त्याचे हाल होतात आणि ते रडू लागले की दुरून आलेल्या इतरांचा विरस होतो. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की संस्कार पाळण्यापासूनच व्हायला हवेत, आणि परदेशात तर लोक महिना-दोन महिन्यांची बाळे घेऊन खुशाल जगभर हिंडतात, मग आपणच का घाबरायचे? मी गेली काही वर्षे लंडनमध्ये राहते आणि माझी मुलगी अजून वर्षाची व्हायची आहे, त्यामुळे दोन्ही पक्ष मला आपापली साक्षीदार मानतात. मला मात्र या वादाची मांडणीच अपुरी वाटते. दोन्ही बाजू फक्त बाळाकडे पाहतात. त्या बाळाला अंगावर पाजणारी, कडेवर घेणारी, त्याच्या झोपेच्या वेळा सांभाळणारी जी व्यक्ती असते, तिलाही ती लेणी पाहायची असू शकतात, हे या वादात कोणाच्या लक्षातच येत नाही.

आपल्याकडच्या कोणत्याही मोठ्या स्मारकाच्या प्रवेशद्वारापाशी थोडा वेळ बसून पाहावे. सहलीला आलेले कुटुंब तिकिटे काढते, आत जाते, आणि एक बाई बाहेर झाडाखाली किंवा पायरीच्या कडेला बसून राहते. तिच्या मांडीवर बाळ असते, शेजारी पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि इतरांच्या चपला असतात. ती कधी आई असते, कधी आजी, कधी धाकटी मावशी. पुरुष क्वचित असतो. ‘तुम्ही पाहून या, मग मी जाते,’ असे ती म्हणालेली असते, पण मंडळी परत येईपर्यंत बाळ भुकेजलेले असते किंवा नुकतेच झोपलेले असते, गाडीवाला घाई करत असतो, आणि तिची पाळी त्या दिवशी येत नाही. ती तक्रारही करत नाही, कारण आपले काही राहून गेले असे तिला कोणी कधी म्हटलेलेच नसते. माझ्या ओळखीतल्या शिकल्यासवरल्या, वाचणाऱ्या, एखाद्या चित्रावर तासभर बोलू शकणाऱ्या बायकांनीही मुले लहान असतानाची सगळी वर्षे अशी बाहेर बसून काढली आहेत. बाळाला काय कळते, या प्रश्नापेक्षा हा प्रश्न मला कितीतरी मोठा वाटतो.

‘बाळाला घरी ठेवून जावे’ हा सल्ला देताना घरात कोणीतरी आहे, असे गृहीत धरलेले असते. परदेशात तसे गृहीत धरता येत नाही. इथे आजी-आजोबा नसतात, शेजारणीशी ओळख असली तरी मूल सोपवण्याइतकी नसते, आणि पैसे देऊन सांभाळणारे माणूस मिळाले तरी अंगावर पिणाऱ्या बाळापासून आई फार वेळ लांब राहू शकत नाही. त्यामुळे इथली आई केवळ हौसेने किंवा धाडसाने बाळ घेऊन बाहेर पडते, असा जो समज मायदेशात आहे, तो फारसा खरा नाही. बाहेर पडली नाही तर तिने घरातच बसायचे, एवढाच दुसरा मार्ग असतो. प्रवासात तर तोही मार्ग नसतो, कारण परक्या शहरातल्या हॉटेलच्या खोलीत बाळाला कोणापाशी ठेवणार? आणि आता मायदेशातल्या शहरांतही परिस्थिती याहून फार वेगळी उरलेली नाही. नोकरीसाठी गाव सोडलेली, दोन खोल्यांत तिघेच राहणारी कुटुंबे तिथेही आहेत. वाद मात्र अजून भरल्या घराचा हिशेब धरून चालतो.

बाळाला काहीच कळत नाही, हेही पूर्ण खरे नाही. नवजात अर्भकाला वीस-तीस सेंटिमीटरपलीकडचे स्पष्ट दिसत नाही, म्हणजे पाजताना आईचा चेहरा जितका लांब असतो साधारण तितकेच. परंतु रॉबर्ट फँट्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले, की अगदी काही दिवसांची बाळेही सपाट रंगापेक्षा नक्षी, पट्टे आणि चेहऱ्यासारख्या आकृत्यांकडे अधिक वेळ पाहतात. पुढे चार-पाच महिन्यांत रंगांचीही बरीच जाण येते. उंच छत, खांबांच्या रांगा, दगडावर सरकणारे कवडसे यांकडे माझी मुलगी टक लावून पाहते. पण म्हणून संग्रहालयात नेल्याने मूल हुशार होते, असा दावा मी करणार नाही, आणि असा दावा करत पेंगुळलेल्या बाळाला दालनामागून दालनात फिरवणाऱ्या पालकांचे मला वाईटच वाटते. आठवण राहणार नाही, हे तर उघडच आहे. पण आठवण राहणार नाही म्हणून आपण बाळासाठी अंगाई म्हणायचे सोडत नाही. बाळाच्या बुद्धीचा मुद्दा बाजूला ठेवला, की प्रश्न मोकळा होतो. लहान मुलाच्या आईबापांना सांस्कृतिक जीवनात राहता यावे की नाही, आणि यावे असे म्हटले तर त्यासाठी त्या वास्तूने, तिथल्या इतर लोकांनी आणि स्वतः आईबापांनी काय काय करायला हवे?

हा वाद केवळ आपल्याकडचा आहे आणि पाश्चात्त्यांनी तो केव्हाच मिटवला आहे, अशी मायदेशातल्या अनेकांची समजूत असते. ती बरोबर नाही. २०१४ मध्ये जेक चॅपमन या ब्रिटिश कलावंताने लहान मुलांना कलादालनांत नेणे म्हणजे निव्वळ वेळ वाया घालवणे आहे, असे मत मांडले आणि त्यावर इथे बरीच खडाजंगी झाली. त्याच वर्षी लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात डोनल्ड जड यांच्या शिल्पावर चढलेल्या मुलांचे छायाचित्र प्रसिद्ध होऊन पालकांवर टीकेची झोड उठली होती. न्यूयॉर्कच्या फ्रिक कलेक्शन या कलासंग्रहालयाने तर दहा वर्षांखालील मुलांना प्रवेशच न देण्याचा नियम वर्षानुवर्षे पाळला, कारण तिथल्या बऱ्याच वस्तू एका राहत्या घरात मांडाव्यात तशा, दोरी किंवा काच न लावता मांडलेल्या आहेत. हा नियम मला आवडत नाही, पण त्यामागचे कारण मला समजते.

नुकसानीची भीती काल्पनिक नाही. एप्रिल २०२५ मध्ये बातमी आली, की रॉटरडॅममधल्या बॉयमन्स व्हान बोयनिंगन संग्रहालयाच्या खुल्या भांडारात चित्रकार मार्क रॉथको यांच्या कोट्यवधी युरो किमतीच्या एका भव्य चित्रावर एका मुलाकडून ओरखडे पडले. त्याआधी ऑगस्ट २०२४ मध्ये इस्रायलमधील हैफा विद्यापीठाच्या हेक्ट संग्रहालयात चार वर्षांच्या एका मुलाच्या हातून सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा रांजण फुटला होता. आत काय आहे हे पाहण्यासाठी त्याने तो थोडासा ओढला होता. या दुसऱ्या घटनेत संग्रहालयाने जे केले ते मला फार मोलाचे वाटते. पुरातन वस्तू शक्य तिथे काचेच्या आड न ठेवता लोकांच्या जवळ मांडाव्यात, ही त्या संग्रहालयाच्या संस्थापकाची इच्छा होती. रांजण फुटल्यावर संग्रहालयाने आपण ही पद्धत सोडणार नसल्याचे सांगितले, मूल मुद्दाम काही मोडते आणि अनवधानाने काही फुटते यांत फरक केला, त्या कुटुंबाला पुन्हा भेट देण्याचे आमंत्रण दिले, आणि तज्ज्ञांकडून रांजण सांधून तो परत प्रदर्शनात आणला. आपल्याकडे अशी घटना घडली असती तर त्या आईबापांचे समाजमाध्यमांवर काय झाले असते, याची कल्पना करणेही मला नको वाटते.

एक गोष्ट मात्र या सगळ्या उदाहरणांत समान आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. ही सगळी चालती-पळती मुले आहेत. छातीशी बांधलेले पाच-सहा महिन्यांचे बाळ रांजण ओढू शकत नाही की चित्रावर नख मारू शकत नाही. ते रडू शकते, आणि रडले तर त्याला बाहेर नेता येते. वस्तूंच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने पाहिले, तर मूल चालू लागण्यापूर्वीचे महिने हेच संग्रहालये पाहण्याचे सर्वांत निर्धोक महिने आहेत, आणि नेमके त्याच महिन्यांत आईला घरी बसायला सांगितले जाते.

परदेशात सगळीकडे बाळांचे स्वागत असते, या समजुतीलाही इथे थोडा छेद द्यायला हवा. अनेक ठिकाणी नियम आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी कडक आहेत. बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलिया या चर्चच्या मनोऱ्यांवर सहा वर्षांखालील मुलांना सोडत नाहीत. जर्मनीतल्या नॉयश्वानस्टाइन किल्ल्यात ठरलेल्या वेळेच्या मार्गदर्शित फेरीतच जावे लागते आणि बाबागाडी किंवा पाठीवर बाळ बांधायची चौकट आत नेता येत नाही. ॲमस्टरडॅमच्या ॲन फ्रँक गृहातले जिने इतके उभे आणि अरुंद आहेत, की तिथे बाबागाडी बाहेरच ठेवावी लागते. जेरुसलेममधल्या याद वाशेमच्या होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराच्या, इतिहास संग्रहालयात दहा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही, आणि तो नसावा हे मला पूर्ण मान्य आहे, कारण तिथे मृतांविषयीची शांतता हाच त्या जागेचा अर्थ आहे. पुष्कळ संग्रहालये बाळ पुढे बांधायला परवानगी देतात आणि पाठीवर बांधायला देत नाहीत. हा भेद आपल्याकडच्या लोकांना विचित्र वाटतो, पण त्यात विचार आहे. पाठीवर बाळ असलेल्या माणसाला आपली स्वतःची जाडी कळत नाही, तो वळला की बाळाचे पाय किंवा चौकट मागच्या वस्तूला लागते, आणि बाळाचा हात कुठे पोहोचला हे त्याला दिसतच नाही.

फरक कडकपणात नाही. फरक असा आहे, की अनेक ठिकाणी मनाई करताना तिच्याबरोबर पर्यायही दिलेला असतो. स्पेनमधल्या ग्रानाडाच्या अलहाम्ब्रा या जुन्या किल्ल्यात नसरिद राजघराण्याच्या राजवाड्यांत बाबागाडी नेता येत नाही, कारण तिथले दरवाजे, अंगणे आणि नाजूक गिलाव्याचे नक्षीकाम गर्दीत गाड्यांना सोसणारे नाही. पण तिथे गाडी ठेवून घेतात आणि बाळ अंगाला बांधायचा पट्टा त्याऐवजी वापरायला मोफत देतात. पॅरिसच्या लूव्रमध्ये उलट गरज असलेल्यांना संग्रहालयाचीच बाबागाडी उसनी मिळते. मनाईची पाटी लावणारा माणूस आणि ‘मग यांनी काय करायचे’ असा पुढचा प्रश्न विचारणारा माणूस यांच्यातले अंतर फार मोठे असते. आपल्याकडे पहिला माणूस सगळीकडे आहे. दुसरा अजून क्वचित भेटतो.

लंडनमध्ये माझे आयुष्य ज्या एका गोष्टीमुळे खरोखर बदलले ती म्हणजे राष्ट्रीय संग्रहालयांचा मोफत प्रवेश. डिसेंबर २००१ पासून इथल्या राष्ट्रीय संग्रहालयांची कायमस्वरूपी दालने सर्वांना विनाशुल्क खुली आहेत. याचा बाळाशी काय संबंध, असे वाटेल. पण संबंध अगदी थेट आहे. तिकीट काढून आत गेलेला माणूस पैसे वसूल होईपर्यंत बाहेर पडत नाही, मग बाळ कितीही किरकिर करो. प्रवेश मोफत असला, की एका दालनात वीस मिनिटे बसून, दोनच चित्रे पाहून, बाळ कुरकुरू लागण्यापूर्वी निघून येता येते आणि पुढच्या आठवड्यात तिथूनच पुढे पाहता येते. ज्या बाळाच्या रडण्याची मायदेशात एवढी चर्चा होते, ते बाळ मुळात इतके रडते ते बहुधा आईबापांनी ‘एवढे आलोच आहोत तर सगळे पाहून घेऊ’ असा चंग बांधलेला असतो म्हणून. २०२३ मध्ये नव्या रूपात उघडलेल्या यंग व्ही अँड ए या मुलांच्या संग्रहालयात तर न चालणाऱ्या, न बोलणाऱ्या बाळांसाठी स्पर्शाचा, रंगांचा वेगळा कोपराच केलेला आहे. अशा जागा चांगल्याच आहेत. तरी मला स्वतःला बाळांच्या कोपऱ्यापेक्षा मोठ्यांच्या दालनातले एक पाठीचे बाक अधिक उपयोगी पडते, कारण मला पाहायची असतात ती चित्रे तिथे असतात.

बाबागाडीला लागणारे उतार, उद्वाहक आणि रुंद दरवाजे यांचे श्रेयही बाळांना नाही. ते अपंग व्यक्तींच्या चळवळीने मिळवलेले आहे. ब्रिटनमध्ये १९९५ चा अपंग भेदभाव प्रतिबंधक कायदा आणि त्यानंतरचा २०१० चा समानता कायदा यांमुळे सार्वजनिक वास्तूंना चाकाच्या खुर्चीचा विचार करावा लागला, आणि त्याच उतारावरून आज माझी बाबागाडी जाते. भारतातही २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. आपल्याकडच्या तरुण आईबापांनी बाळासाठी वेगळ्या सवलती मागण्यापेक्षा या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी भांडणाऱ्यांच्या शेजारी उभे राहावे, असे मला मनापासून वाटते. गुडघे दुखणाऱ्या आजीलाही मग आत जाता येईल.

लंडन हे काही नंदनवन नाही. इथल्या भुयारी रेल्वेच्या २७० हून अधिक स्थानकांपैकी साधारण एक तृतीयांश स्थानकांतच पायऱ्या न चढता ये-जा करता येते. संग्रहालयात उतार असतो, पण तिथपर्यंत पोहोचताना गाडी उचलून जिना चढावा लागतो. कायद्याने अंगावर पाजणाऱ्या बाईला सार्वजनिक ठिकाणाहून उठवता येत नाही; स्कॉटलंडमध्ये तर २००५ पासून दोन वर्षांखालील बाळाला सार्वजनिक ठिकाणी दूध पाजण्यास अटकाव करणे हा गुन्हा आहे. तरीही २०१७ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या प्रांगणात बाळाला पाजणाऱ्या एका बाईला अंग झाकायला सांगण्यात आले. तिने संग्रहालयातल्या उघड्या वक्षांच्या पुतळ्यांची छायाचित्रे प्रसिद्ध केली आणि संचालक ट्रिस्ट्रम हंट यांनी तिची जाहीर क्षमा मागितली. ज्या युरोपच्या चित्रकलेत शतकानुशतके मेरी बाळ येशूला पाजताना रंगवली गेली, त्या युरोपच्या संग्रहालयातही जिवंत आईला हे ऐकावे लागले. आणि सोयी असल्या तरी माणसे अलिप्त असतात. बाळ रडू लागले, की कोणी काही बोलत नाही, पण नजरा बोलतात, आणि मदतीचा हात पुढे यायला वेळ लागतो, कारण परक्याच्या बाळाला हात लावणे इथे शिष्टाचारात बसत नाही.

याच्या अगदी उलट अनुभव मला अजिंठ्याला आला, आणि तो थोडा सविस्तर सांगायला हवा. खासगी गाड्या लेण्यांपासून चार किलोमीटर अलीकडे थांबवतात, तिथून बसने जावे लागते आणि मग पायऱ्या चढाव्या लागतात. बाबागाडीचा तिथे काही उपयोग नाही, म्हणून मुलीला मी पुढे बांधले होते. चित्रे असलेल्या लेण्यांत पादत्राणे बाहेर काढावी लागतात, फ्लॅशने छायाचित्र घेता येत नाही, आणि गर्दी झाली की थोड्या थोड्या लोकांनाच आत सोडतात, कारण माणसांच्या श्वासातला ओलावा भिंतींवरच्या रंगांना घातक असतो. दोन क्रमांकाच्या लेण्याच्या दारात आम्ही थांबलो असताना तिथल्या पहारेकरी काकांनी मला रांगेतून बाजूला घेतले आणि म्हणाले, “ताई, तुम्ही आधी जा. आत अंधार आहे, जरा उभ्या राहा, डोळ्यांना सवय झाली की मग पाऊल टाका.” आत गेल्यावर ते स्वतःच मागून आले आणि उजव्या अंगाच्या छोट्या गाभाऱ्याकडे बोट करून म्हणाले, “ही हारीती. लेकरांची देवी. हिला बघितल्याशिवाय जाऊ नका.”

हारीती ही मूळची दुसऱ्यांची मुले पळवून खाणारी यक्षी. बुद्धाने तिचेच धाकटे मूल लपवून ठेवले, तेव्हा मूल हरवलेल्या आईचे दुःख तिला कळले आणि ती मुलांची रक्षक झाली, अशी ती कथा आहे. त्या गाभाऱ्यात ती आपला पती पांचिक याच्या शेजारी मांडीवर मूल घेऊन बसली आहे, आणि खालच्या पट्टीत मुलांची एक शाळाच कोरलेली आहे. छडी घेतलेले गुरुजी आहेत, पुढची मुले अभ्यासात आहेत आणि मागची खेळण्यात दंग आहेत. माझी मुलगी त्या वेळी माझ्या गळ्यातली ओढणी चघळत होती आणि छताकडे पाहत होती. तिला त्यातले काहीही कळले नाही. मी मात्र त्या शिल्पासमोर जितका वेळ उभी राहिले, तितका वेळ मी एकटी असते तर राहिले नसते, कारण छातीशी असलेल्या वजनामुळे ती कथा मला पुस्तकात वाचली होती तेव्हापेक्षा निराळी समजली. पुढे सतराव्या लेण्यात बुद्धासमोर उभ्या असलेल्या माता-पुत्राचे, यशोधरा आणि राहुलाचे म्हणून ओळखले जाणारे प्रसिद्ध चित्र आहे, त्याच्यापाशीही मला हेच वाटले. या वास्तू घडवणाऱ्यांनी मुलांना आत घेतलेले आहे. बाहेर थांबवले ते आपण.

पहारेकरी काकांसारखी माणसे हे आपल्याकडचे बळ आहे, आणि परदेशातल्या सोयींचे गोडवे गाणाऱ्यांनी ते विसरू नये. पण त्याच्यावर विसंबून राहणेही बरोबर नाही, कारण त्यांची पाळी संपली आणि दुसरे कोणी दारात आले, की ती सोयही संपते. चांगुलपणा नशिबाने मिळतो. बाक, पाणी आणि आडोसा हे नियमाने मिळायला हवे. तशी सुरुवात झालेली आहे. २०१९ मध्ये ताजमहालाच्या आवारात स्तनपान कक्ष सुरू झाला. त्याच वर्षी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय उघडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी स्तनपान आणि बालसंगोपन कक्षांची सोय करण्याबाबत राज्यांना सूचना देताना, सार्वजनिक ठिकाणी बाळाला पाजण्याकडे कलंक म्हणून पाहिले जाऊ नये, असेही नमूद केले. महाराष्ट्रात तर एसटी स्थानकांवरच्या अशा कक्षांना हिरकणीचे नाव आहे. रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळासाठी रात्री कडा उतरून गेलेल्या त्या बाईची कथा आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. तिच्या नावाचा कक्ष बसची वाट पाहणाऱ्या बाईला मिळतो, तर लेणी आणि गड पाहायला आलेल्या बाईलाही तो मिळायला हवा, एवढीच माझी मागणी आहे.

नाट्यगृहाचा प्रश्न वेगळा आहे, आणि वादात तो संग्रहालयाशी नेहमी एकत्र केला जातो. संग्रहालयातले चित्र बाळाच्या रडण्याने बिघडत नाही. रंगमंचावरचा प्रवेश बिघडतो, आणि तो नटाला पुन्हा करता येत नाही. तिथे प्रेक्षकांची तक्रार पूर्णपणे रास्त आहे. आपल्याकडच्या काही नाट्यगृहांत मागे काचेची खोली असते, जिथे बाळासह बसून नाटक पाहता येते. ही कल्पना मला अतिशय सूज्ञ वाटते, आणि ज्या नाट्यगृहांत ती खोली अडगळीसाठी वापरली जाते तिथे ती पुन्हा मोकळी करून द्यावी. लंडनमध्ये काही चित्रपटगृहे बाळांच्या आईबापांसाठी सकाळचे वेगळे खेळ ठेवतात. दिवे थोडे चालू असतात, आवाज कमी असतो, आणि कोणीही मध्येच उठून येरझारा घालू शकते.

आईबापांची बाजू घेताना त्यांचे कर्तव्य मी सोडून देत नाही. बाळ रडू लागले, की लगेच बाहेर पडावे. ‘आत्ता गप्प होईल’ म्हणत दालनात उभे राहू नये. बाळाच्या हाती वाजणारा खुळखुळा किंवा मोबाइलवरचे गाणे देऊन त्याला शांत करणे म्हणजे एका आवाजाऐवजी दुसरा आवाज करणे. भरदुपारी उघड्या दगडी आवारात तान्ह्या बाळाला नेऊ नये, मग तिकीट कितीही आधी काढलेले असो. आणि बाळ बांधून फिरण्याचे काम दोघांनी वाटून घ्यावे. इथल्या संग्रहालयांत डायपर बदलायची फळी बऱ्याचदा पुरुषांच्या स्वच्छतागृहातही असते किंवा दोघांसाठी वेगळी खोली असते, आणि तिचा वापर करणारे बाप रोज दिसतात. मायदेशात ही फळी असलीच तर ती बहुधा फक्त बायकांच्या बाजूला असते, म्हणजे बापाची तयारी असली तरी वास्तूने ते काम आईकडेच दिलेले असते.

मोठ्या खर्चाशिवाय होण्यासारख्या गोष्टीही आहेत. परदेशातल्या मोठ्या करमणूक उद्यानांत एक पद्धत असते: एक पालक बाळाला घेऊन थांबतो, दुसरा पाळण्यात बसून येतो, आणि मग थांबलेल्याला पुन्हा रांगेत उभे न राहता आत सोडतात. खेळाच्या पाळण्यासाठी जे करता येते ते कैलास लेण्यासाठी का करता येऊ नये? त्याच तिकिटावर दुपारी पुन्हा आत येण्याची मुभा, हा दुसरा सोपा उपाय. तिसरा त्याहूनही सोपा आहे. पायऱ्या किती आहेत, डोली मिळते का, सावली कुठे आहे, बाबागाडी कुठे ठेवून मिळेल, पाजायला जागा कोणत्या टप्प्यावर आहे, हे निघण्यापूर्वी मराठीत नीट वाचायला मिळावे, म्हणजे जायचे की नाही हे त्या घरातल्या आईला स्वतः ठरवता येईल.

आणि कक्ष बांधायचाच असेल, तर तो कुठे असावा हे बाळाला पाजणाऱ्या बायकांना विचारावे. अजिंठ्याची लेणी वाघूर नदीच्या वळणावर नालाच्या आकारात एका ओळीत पसरलेली आहेत, आणि पहिल्यापासून शेवटच्या लेण्यापर्यंतचे अंतर उन्हात बाळ घेऊन चालायला बरेच आहे. कक्ष फक्त खाली, बस थांबते तिथे, प्रसाधनगृहाला लागून केला, तर सतराव्या लेण्यापाशी बाळ भुकेने रडू लागलेल्या बाईला सगळ्या पायऱ्या उतरून परत चढाव्या लागतील, आणि ती चढणार नाही. मधल्या टप्प्यावर, सावलीत, एक पडदा, एक पाठीचे बाक आणि पिण्याचे पाणी एवढे जरी ठेवले तरी पुरे आहे.